आधी कार्डिओ, मग वजनं

व्यायामाचा एक नियम मी माझ्या मनानं तयार केला, तो ट्रेनरच्या नावावर खपवला आणि माझ्या बायकोनं तो इमानेइतबारे पाळला. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यात सांगण्यासारखं काय आहे, असंही कुणी म्हणेल. चोरी नाही, लफडं नाही. पण मी मुळात कमी बोलणारा माणूस, आणि कमी बोलणाऱ्याची एक अडचण असते. त्याचं एखादं खोटं गर्दीत हरवून जात नाही.

आम्ही नांदेडचे. माझी बदली लातूरला झाली तेव्हा मुलगी शिकायला बाहेर गेलेली होती, त्यामुळे आम्ही दोघंच तिकडं राहायला गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. घर हवेशीर होतं, शेजार चांगला होता, फक्त पाणी वर चढत नव्हतं. लातूरला नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी अख्खी गल्ली सकाळी सकाळी बादल्या घेऊन खाली उतरलेली असते. आमच्या घरमालकांना मोटर लावलेली चालत नसे. खालच्या तोटीवर घागर भरायची, जिना चढायचा, वरच्या ड्रममध्ये ओतायची, परत खाली. ड्रम भरेपर्यंत हेच. आणि पुढचा नळ कधी येईल ते कुणी सांगू शकत नसल्यामुळे ड्रम भरल्यावर पातेली, तांबे, कुकरसुद्धा भरून ठेवायचे.

तिथं गेल्यावर वर्षभरातच मला शुगर निघाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. डाळमिलच्या मागच्या रस्त्याला, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर जिम होती, तिथं नाव घातलं. ट्रेनर तिशीतला, लातूरच्याच जुन्या मुस्लिम घरातला, वडिलांचं टेलरिंगचं दुकान. बोलायला मोठा गमत्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "सर, एक बात ध्यानात ठेवा. पहिले वजन, मग पळणं. अंगात दम हाय तोवर वजन उचलून घ्यायचं. उलटं केलं ना, तर डंबेल तुम्हाला उचलून नेईल."

मी हसलो आणि तसंच करू लागलो. आधी वजनं, मग थोडं ट्रेडमिल. सगळं उरकून मी वेळेत घरी येऊ शकत होतो. नळाच्या दिवशीसुद्धा.

पण नळाच्या दिवशी मला घरी यायचं नव्हतं. आता लिहायलाच बसलोय तर नीट लिहितो. मला घागर घेऊन जिना चढायची लाज वाटायची. समोरच्या घरात माझ्याच ऑफिसातला एक क्लार्क राहायचा आणि मी तिथं त्याचा साहेब होतो. शेजारचे गृहस्थ शाळेत मुख्याध्यापक होते, ते बनियनवर दोन्ही हातांत बादल्या घेऊन खुशाल चढायचे-उतरायचे. त्यांची अब्रू कुठं गेली नाही. माझी मात्र जाईल असं मला वाटायचं.

एका सकाळी मी जिमची पिशवी घेऊन जिना उतरलो, तेव्हा बायको खाली तोटीजवळ रांगेत उभी होती.

"अहो, आज नळ हाय. आजच्या दिवस नका जाऊ."

"जावं लागतं. डॉक्टरनं सांगितलंय ना."

"मग असं करा की. वजनं तेवढी तिथं उचलून या. पळायचं राहू द्या. इथं येऊन घागर घेऊन जिना चढा न् उतरा, झालं तुमचं कार्डिओ."

मुख्याध्यापकांच्या बायकोला हसू आवरेना. "वहिनी, तुम्हीच काढा जिम! आमच्या ह्यांना पहिला घाला त्यात."

"तुमचे तर आधीच पहिलवान हायत. कच्चं गिऱ्हाईक आमच्याकडं हाय."

सगळ्या हसल्या. समोरच्या ओट्यावर ब्रश करत उभा असलेला क्लार्कही हसला आणि मग मी बघतोय म्हटल्यावर आत गेला. मला राग आला नाही, पण मी अडकलो. तिचं म्हणणं बिनतोड होतं. ट्रेनरनं सांगितलेल्या क्रमात ते अगदी बरोबर बसत होतं. म्हणून मी तो क्रमच उलटा केला.

"तसं चालत नाही," मी म्हणालो. "ट्रेनरनं सांगितलंय, आधी कार्डिओ, मग वजनं. आणि वजनं झाल्यावर अंगाला कष्ट द्यायचेच नाहीत. घरी येऊन पडून राहायचं. नाहीतर सगळं वाया."

ती लगेच गंभीर झाली. हे मला अजून आठवतं. तिच्या चेहऱ्यावरची चेष्टा गेली आणि ती म्हणाली, "असं हाय का? मग जावा तुम्ही. उगं अर्धवट नका करू."

त्या दिवसापासून नळाच्या सकाळी मी ट्रेडमिलवर आधी रेंगाळायचो, मग वजनांशी खेळायचो, आणि घरी येईपर्यंत ड्रम भरलेले असायचे. आल्यावर ती मला चहा द्यायची आणि पडा म्हणायची. मी पडायचो.

माझी बायको डॉक्टरनं जेवणाआधी गोळी सांगितली तर पाहुण्यांनी भरलेल्या पंगतीतून उठून गोळी घेणारी. जाणत्या माणसानं सांगितलं की तिच्यासाठी विषय संपला. माझा बनावट नियम तिनं असाच मनात नोंदवून ठेवला. वर तो इतरांनाही वाटला. गल्लीतल्या बायका संध्याकाळी चालायला जायच्या, त्यांना सांगितला. धर्माबादला तिची धाकटी बहीण असते, तिला फोनवर सांगितला. "ह्यांचा ट्रेनर लई हुशार हाय गं," असं ती म्हणत होती तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर डोळ्यांपुढं धरून बसलो होतो.

लातूरचे दिवस संपत आले तेव्हा तिचा उजवा खांदा दुखायला लागला. आम्ही नांदेडला परत आलो, आणि खांदा जखडला. हात डोक्यापर्यंत जाईना. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. डॉक्टरांनी तपासलं. "लातूरला पाणी लई वाहिलं, त्यानं झालं का?" असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, असं एका कारणानं होत नाही, वय असतं, तुमचीही शुगर काठावर आहे, वापर असतो, सगळं मिळून होतं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की 'वापर' हा शब्द त्यांनी वगळलेला नव्हता.

फिजिओथेरपीनं हात बऱ्यापैकी मोकळा झाला. पण ताकद येईना. जिममध्ये जाऊन खांद्याचे, दंडाचे हलके व्यायाम करा, नियमित करा, असं डॉक्टरांनी बजावलं. नाहीतर पुन्हा जखडेल, आणि मग अवघड होईल.

आमच्या घराजवळच्या जिममध्ये नवरा-बायकोंची सकाळची बॅच होती. आम्ही दोघांनी नाव घातलं. तिथली ट्रेनर पंचविशीतली मुलगी. तिनं डॉक्टरांचा कागद वाचला आणि म्हणाली, "काकू, आधी खांद्याचं करून घेऊ. फ्रेश आहात तोवर."

"नाही गं बाई," बायको म्हणाली, "आधी कार्डिओ. ह्यांच्या लातूरच्या ट्रेनरनं सांगितलंय. हे तर कित्येक वर्षं तसंच करतात."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. "हो का काका?"

मी होकारार्थी मान हलवली.

लातूरचं खोटं अडचणीत सापडून बोललो होतो. ही मान मात्र मी शुद्धीवर असताना, विचार करून हलवली. लातूरपेक्षा मला या मानेची जास्त लाज आहे.

मुलगी म्हणाली, "बरं, तुमच्या सवयीनं करू." मग बायको रोज आधी सायकलवर बसायची आणि घामाघूम होईस्तोवर पाय मारायची. त्या कामात ती पुरी चिकाटीची. उतरून डंबेल घ्यायची तेव्हा तिचा हात थरथरायचा. सगळ्यात हलकं डंबेल, गुलाबी रंगाचं, तेही खांद्याच्या वर जायचं नाही. मुलगी धीर द्यायची. आठवडे गेले, महिना उलटला, हात होता तिथंच. एकदा घरी येताना बायको स्कूटीवर मागून म्हणाली, "माझ्यातच काही उरलं न्हाई बघा. नियम तर सगळा पाळून राहिले."

मी पुढं बघून गाडी चालवत होतो.

मग एका लग्नाला निघताना ती आरशासमोर बसली आणि म्हणाली, "जरा अंबाड्याला पिना लावता का? मागं हात जाईना." मी पिना घेतल्या. मला त्यातलं काही येत नाही. एक तिला टोचली. दुसरी वाकडी बसली. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "पदर घेते डोक्यावरून." आरशात तिचा चेहरा दिसत होता, त्यावर माझ्याविषयी काही तक्रार नव्हती.

दुसऱ्या सकाळी जिममध्ये शिरल्या शिरल्या मी म्हणालो, "आजपासून आधी वजनं करायची."

"आणि नियम?"

"बदललाय."

"कुणी बदलला?"

खरं सांगायची जागा हीच होती, आणि मी म्हणालो, "ट्रेनरनंच. फोन केला होता काल. ज्याच्यासाठी आलोय ते आधी करायचं म्हणतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमचा ट्रेनर लई उशिरा शहाणा झाला की हो." मग ट्रेनर मुलीला, "ऐकलं का गं? तू म्हणत होतीस तेच म्हणून राहिला तो!"

मुलगी मनापासून हसली. ती मला काही बोलली नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

हात सुधारायला लागला. एकदम नाही, पण ताज्या अंगानं उचललेलं डंबेल आधी कानापर्यंत गेलं, मग वर. गुलाबी जाऊन निळं आलं. मुलगी शेजारी उभी राहून, "वर वर वर, काकू, छताला लावा," म्हणायची आणि माझी बायको जोर लावून हसत उचलायची. सायकल आम्ही सोडून दिली. त्याऐवजी वजनं झाल्यावर दोघं घरापर्यंत चालत येतो, स्कूटी नेतच नाही. रस्त्यात ती बोलत असते आणि मी ऐकत असतो. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला काळ आहे, आणि तो मला फुकट मिळाल्यासारखा मिळाला. एका सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. गेलो तर वरच्या फळीवरचा डबा काढून ती हातात धरून उभी. तिनं नुसता डबा दाखवला. मी नास्तिक माणूस, पण हात जोडले गेले.

मध्यंतरी ऑफिसच्या कामानं मला लातूरला जायचं होतं. निघायच्या सकाळी तिनं डबा बांधला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं.

"एवढं कशाला? संध्याकाळी येतोच की."

"तुम्हाला न्हाई. तुमच्या ट्रेनरला. त्याच्यामुळं माझा हात वर गेला. मी लाटलेत म्हणावं, त्याच हातानं."

एसटीत मी तो डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. औशाला जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, लेकीकडं चालला का? मी हो म्हणालो. आणखी एक खोटं.

ट्रेनर मला बघून खूश झाला. डबा दिला तर बुचकळ्यात पडला. "सर, हे काय? मी काय केलं?"

"तू सांगितलं होतंस, पहिले वजन, मग पळणं. माझ्या मिसेसचा हात बरा झाला त्यानं."

"अरे सर, ते तर मी सगळ्यांनाच सांगतो. धपाटे कुणीच आणले नाहीत!" त्यानं तिथंच बेंचवर बसून डबा उघडला, मलाही बसवलं. दोघांनी मिळून खाल्लं. "भाभींना सांगा, एक नंबर," तो म्हणाला. मी त्याला दोन वाक्यं खरी सांगितली होती आणि ती खरी आहेत म्हणूनच मला जास्त ओशाळं वाटत होतं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाला?"

"एक नंबर म्हणाला."

"बघा. गुणी पोरगं हाय." आणि ती रिकामा डबा घासायला घेऊन गेली.

मी तिचा, त्या मुलीचा आणि लातूरच्या त्या तरुणाचा ऋणी आहे, आणि हे ऋण मी आनंदानं वागवतो. एक देणं मात्र वेगळं आहे. तो नियम ट्रेनरचा नव्हता, माझा होता; घागरी वाहाव्या लागू नयेत म्हणून मी तो केला, आणि तिचा हात महिनाभर त्यापायी अडला, हे मला माझ्या बायकोला तोंडानं सांगायचं आहे. इथं लिहिलं म्हणून ते फिटत नाही. अजून मी तिला सांगितलेलं नाही.