आमच्या कारखान्यातले इंग्रजी खून

गणपती गेले की आमचा हमरापूरचा कारखाना ओकाबोका होतो. मूर्ती घरोघरी जातात, पण किस्से कोणी नेत नाही! ते इथेच पडून राहतात आणि दरवर्षी त्यांत भर पडते. यंदाचे तर सगळे किस्से खुनाचे आहेत. घाबरू नका. खून सगळे इंग्लंड-आयर्लंडात झाले, आम्ही इथे बसून नुसते रंग देत होतो.

मी या घरची सून. माहेर रोह्याचं, शिक्षण बी.ए. इंग्लिश. लग्नानंतर त्या डिग्रीचा उपयोग रंगाच्या डब्यांवरची लेबलं वाचण्यापुरता उरला होता. मग आमच्या टेम्पोवाल्या मुश्ताकभाईने दुबईहून आलेल्या भावाचा जुना टीव्ही आणून फळीवर ठेवला आणि मी त्यावर ब्रिटिश डिटेक्टिव्ह सिरीयल लावली. सासरे, म्हणजे अण्णा, म्हणाले, "लाव. पण काम थांबता कामा नये."

आता काम करणाऱ्यांचे डोळे मूर्तीवर. टीव्हीवर खाली येणाऱ्या ओळी वाचणार कोण? मग ठरलं की मी मुकुटाला खडे लावता लावता सगळी गोष्ट मराठीत सांगायची. आईवडिलांनी फी भरली ती वाया गेली नाही!

*

पहिल्याच दिवशी इन्स्पेक्टर एका बाईकडे गेला आणि तुझा नवरा मेला म्हणून सांगितलं. बाई रडली. शेजारीण उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

पितांबर रंगवणारी आमची कुंदाताई कासूकडची, मिठागरात वाढलेली. तिचा आवाज खाडीपलीकडे ऐकू जाईल असा. तिने ब्रश खाली ठेवला. "नवरा मेला नि ही चाय ठेवते?"

"तिकडे पद्धत आहे, कुंदाताई."

"कसली गो पद्धत! आपल्यात शेजारची चूल पेटत नाय."

पण दुसऱ्या भागात खून झाला, चहा आला. तिसऱ्यातही तेच. पुढे पुढे प्रेत दिसलं रे दिसलं की कुंदाताईच ओरडायची, "ठेवा चाय!" आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई, न बोलता उठून खरोखरच चहा ठेवायच्या. यंदा चहापत्ती किती लागली ते विचारू नका.

*

मध्ये मी दोन दिवस माहेरी गेले. जाताना बजावलं होतं की नवीन सिरीयल मी आल्यावर लावू. कोण ऐकतंय! परत आले तर कुंदाताई दारातच. "वयनी, खुनी आम्ही पहिल्याच भागात धरला!"

"कोण?"

"तो लांब कोटवाला, दाढी वाढलेला. झोप नाय, जेवण नाय, बायको सोडून गेलेली. जिथं मुडदा पडतो तिथं हा हजर!"

"अहो, तो इन्स्पेक्टर आहे!"

मग अण्णा म्हणाले, "तरी पण त्याच्यावर नजर ठेवा."

*

ब्रिटिश मंडळींचा एक आवडता प्रकार म्हणजे छोटं गाव. कौलारू घरं, चर्च, गुलाबाची बाग, आणि दर आठवड्याला किमान दोन खून. मला हा प्रकार फार आवडतो. गोळीबार नाही, आरडाओरडा नाही, सगळे एकमेकांशी इतक्या आदराने बोलतात की मारतात कधी हाच प्रश्न पडावा.

मुश्ताकभाई मूर्ती बांधता बांधता बघायचा. एकदा त्याचा दोर हातातच राहिला. "भाभी, हे गाव केवढं असंल?"

"असेल आपल्या हमरापूरएवढं."

त्याने मनात काहीतरी हिशेब केला. "काय पन म्हना, या गावात मुलगी द्यायची नाय!"

*

आयरिश सिरीयल मात्र वेगळ्या. तिथे खून एकच, पण सगळं गाव शेवटपर्यंत तोच उगाळत बसतं. प्रत्येकाचं प्रत्येकाशी जुनं काहीतरी असतं, आणि कोणीही सरळ उत्तर देत नाही. आमच्या मंडळींना हे लगेच आपलं वाटलं.

आणि पाऊस! पहिल्या मिनिटापासून जो लागतो तो थांबत नाही. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग काळजीने म्हणाले, "एवढ्या दमट हवेत यांचं काम सुकतं कसं?"

झालं! मूर्तिकारांपुढे पावसाळ्यात हा प्रश्न टाकायचा म्हणजे सभाच भरली. कोण म्हणे हॅलोजन लावत असतील, कोण म्हणे मोठे पंखे. कुंदाताई म्हणाली, शेगडी बरी, पण धूर बसतो. मुश्ताकभाईने प्लॅस्टिक कसं बांधावं ते करून दाखवलं. मी ओरडून सांगत होते की अहो, तिकडे गणपती नसतात! तेवढ्यात खुनी पकडला गेला, त्याने कबुली दिली, सिरीयल संपली. कोणीच बघितलं नाही.

*

आता अण्णांचं सांगते. गोष्ट काय चाललीय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. ते माणसाचे डोळे बघायचे. "हा डॉक्टर खोटा. पापणी उशिरा पाडतो." आणि खरंच, शेवटी डॉक्टरच निघायचा! मी सगळे धागेदोरे जुळवून पार दमून जायची आणि हे पहिल्या चहालाच खुनी सांगून मोकळे. राग यायचा अक्षरशः.

पण त्यात नवल नाही. अण्णांचं नाव आहेच डोळ्यांसाठी. आमच्याकडे मूर्तीचे डोळे सगळ्यांत शेवटी आखतात, आणि ते एकाच हाताने. अंग कोणीही रंगवो, डोळे अण्णांचे. आखणी चालू असताना अण्णा श्वाससुद्धा रोखून धरतात, आणि बाकी कोणी खोकतही नाही. लोक पेणहूनच काय, नागोठण्याहूनही येतात ते या डोळ्यांसाठी.

आणि यंदा त्यांचा हात थरथरायला लागला होता. अण्णा तो पंच्याखाली लपवायचे, पण बशीत सांडणारा चहा सगळ्यांना दिसत होता. डोळे गेले तर कारखाना गेला, हे आमच्यात लहान पोरालाही कळतं. आणि अण्णांनी ब्रश ठेवला तर मागे उरतील ते अण्णा कसे असतील, याचा विचार करवेना.

*

हसवलं ते उंदराने, पण ते पुढे, मूर्ती जायला लागल्यावर. एका मूर्तीचा उंदीर गायब! संध्याकाळी मूर्ती न्यायला येणार आणि पायाशी उंदीर नाही. मुश्ताकभाई एवढ्या सिरीयल बघून तयार झालेला. त्याने सगळ्यांना एका ओळीत बसवलं, पाठीमागे हात बांधले आणि फेऱ्या मारत म्हणाला, "गुन्हेगार याच खोलीत हाय!"

प्रत्येकाची चौकशी झाली. उंदीर शेवटचा कोणी पाहिला? त्या वेळी तू कुठे होतीस? कुंदाताई भडकली, "मी काय उंदीर घरी नेऊन पाळू?" दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

तेवढ्यात फोन वाजला. सकाळी नागोठण्याला गेलेल्या मूर्तीचे यजमान होते. अगदी भक्तिभावाने विचारत होते, "आमच्या बाप्पाला यंदा दोन उंदीर आलेत. नैवेद्य दोघांना वेगवेगळा दाखवायचा का?"

ती मूर्ती टेम्पोत चढवण्याआधी शेवटचा हात मुश्ताकभाईनेच फिरवला होता. पाटावर सुटा पडलेला उंदीर बघून त्याने तो चांगला घट्ट चिकटवून दिला होता!

*

त्याआधी डोळ्यांची वेळ आली तेव्हाचं सांगते. अण्णांनी कोपऱ्यात पडदा लावला. "टीव्हीमुळे लक्ष लागत नाही," म्हणाले. आत ते आणि दिवा धरायला आई. लग्न झाल्यापासून त्याच धरतात. मूर्ती एकेक करून आत जायची आणि डोळे उघडून बाहेर यायची. डोळे सुरेख! थरथर कुठेच नाही. माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर आम्ही नवीन सिरीयल लावली होती. मी सांगत होते की वकिलाने मृत्युपत्र वाचलं आणि भाची रडली. पडद्याआडून खणखणीत आवाज आला, "भाचीच ती! नीट बघा!"

कुंदाताईचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आखणी करताना अण्णा बोलतायत? आणि पाचच मिनिटांत मूर्ती बाहेर आली, डोळ्यांचा रंग अजून ओला.

मुश्ताकभाईलाही कळलं. पण त्या दिवशी एवढ्या मोठ्या तीन डिटेक्टिव्हांनी मिळून काय केलं असेल? टीव्हीचा आवाज वाढवला! पडद्याआडून अण्णा बोलत राहिले, आम्ही ऐकू न आल्यासारखं करत राहिलो.

पेणचे एक म्हातारे मास्तर दरवर्षी आमच्याकडून मूर्ती नेतात. मूर्तीसमोर उभे राहतात, बराच वेळ डोळ्यांत बघतात, आणि फक्त "बाप्पा आले" म्हणतात. तसं म्हणाले नाहीत तर मूर्ती घेत नाहीत, आणि मास्तरांनी मूर्ती सोडली ही बातमी पेणभर व्हायला संध्याकाळही लागत नाही.

यंदा ते उभे राहिले. बघत राहिले. मी टीव्ही बंद केला.

"अण्णा, हे डोळे तुमचे नाहीत."

मुश्ताकभाईने दोर घट्ट धरला. आई चहा गाळत होत्या, त्या गाळतच राहिल्या.

"इतके जिवंत डोळे तुमच्याकडून मी आजवर नेले नाहीत," मास्तर म्हणाले. त्यांनी मूर्तीला हात जोडले. "कोणी काढले?"

मनात म्हटलं, मीच म्हणा अण्णा, मीच म्हणा. आम्ही सगळे साक्ष द्यायला तयार होतो. अण्णांनी आमच्याकडे एकदा बघितलं. मग सबंध सीझन पंच्याखाली लपवलेला उजवा हात त्यांनी बाहेर काढला. तो थरथरत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरलाही नाही. तसाच, सगळ्यांदेखत, आईंकडे केला.

"हिने."

आईंनी कपबशी मास्तरांपुढे ठेवली, पदर नीट केला, आणि सबंध सीझनमध्ये पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"पुरावा हाय काय?"