एकदाच विचारणारा हामिसी

दीपमाला तायडेला पहिल्या विचारण्यात ‘हो’ म्हणताना ऐकलेला माणूस अमरावतीत अजून जन्माला यायचा आहे. चहा विचारा, "नाई वो, आत्ताच झाला." झालेला नसतो. पंगतीत वाढणारा बुंदी घेऊन आला की बाईचा पंजा ताटावर आडवा. आता वऱ्हाडातल्या वाढणाऱ्याला का हे माहीत नसतं? तो बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो, ही "बस बाप्पा, बस" करत सगळी खाते, आणि दोघांचाही मान राहतो.

कामाचं मात्र याच्या उलटं. तिथं ती आधी ‘हो’ म्हणते, आणि मग समोरच्यानं म्हणायचं असतं, "नाही नाही, तुम्ही बसा." समोरचा तसं म्हणाला नाही की फसली दीपमाला. चांदूर रेल्वेकडच्या खेड्यांत सायकलला लसींचा डबा बांधून तिनं नर्सबाईची सगळी नोकरी काढली, ती अशीच फसत फसत. दुसरीची ड्यूटी आहे? "मी करतो ना." सासू दुर्गाबाई अंथरुणाला खिळली तेव्हा जावांच्या घोळक्यात "मी पाहतो" हे हिनंच म्हटलं. बाकीच्या इतक्या खूश झाल्या की पुढची कित्येक वर्षं विचारायलाही फिरकल्या नाहीत. मग नवऱ्याचं, नागसेनचं, दुखणं. तेही केलं, आणि तो गेला.

रिटायर झाली त्या दिवशी हार घातला, भाषणं झाली. तायडे सिस्टर कधी थकलेल्या दिसल्या नाहीत, असं एकूणएक जण बोलला. सिस्टरनं घरी येऊन हार खुंटीला अडकवला आणि पलंगावर जी आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठली. उठल्यावरही पाय जड, डोकं जड. औषधानं जाईल असलं ते दुखणं नव्हतंच. इतक्या वर्षांचा शीण होता, अन् बाई रिकामी झालेली पाहून आता निवांत अंगावर येऊन बसला होता.

तेवढ्यात अकोल्याहून मुलाचा, कुंदनचा फोन. त्याला जुळं झालेलं, बायको ज्योत्स्ना शाळेत शिकवते, तिची रजा संपत आलेली. आई, तू आता मोकळीच आहेस, तर अकोल्यालाच ये राहायला, अमरावतीचं घर भाड्यानं देऊन टाकू, असं तो म्हणाला. दीपमालाला जायचं नव्हतं. तोंडानं म्हणाली, "येईन ना. कावून नाई?" आणि वाट पाहत राहिली, की आता पोरगा म्हणेल, पण आई, तुले झेपीन का? कुंदन म्हणाला, "मंग झालं तर." आणि भाडेकरू शोधायला लागला.

याच्या मधेच करिश्माचं सायकलचं खूळ उपटलं. करिश्मा म्हणजे धाकटी, पुण्यात कंप्युटरच्या नोकरीत. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल दामटते आणि घामेजलेले फोटो टाकते. तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं टांझानियाची सहल ठरवली होती. डोंगरातून निघायचं, मग गवताळ माळ, मग समुद्र, सगळं सायकलवर, सोबत वाटाड्या. मैत्रिणीचं लग्न जमलं आणि जागा रिकामी पडली. करिश्मानं आईला विचारलं. आई म्हणाली, "मी कुठं जातो वो माय आफ्रिकेत?" पोरगी वऱ्हाडातलीच. तिनं पुन्हा विचारलं, मग गळ घातली, मग रुसून फोन ठेवला. तेव्हा कुठं बाई पासपोर्टच्या फोटोसाठी केस विंचरायला बसली. मनात हिशेब एवढाच, की तितके दिवस तरी अकोला लांब पडेल.

आता जन्मभर सायकल चालवली म्हणून काय झालं? वऱ्हाडातला रस्ता म्हणजे ताटासारखा सपाट. चिखलदऱ्याला गेली तीही एस.टी.नं. आणि टांझानियात पहिल्याच दिवशी उसांबाराचे डोंगर. धुकं, लाल माती, कोबीचे आणि बटाट्याचे मळे उतारावर लटकलेले, आणि रस्ता असा की वर बघितलं तर टोपी पडावी. टोपी कसली, ते हेल्मेट अंबाड्यावर बसेचना, तिनं वेणी घालून ती कुर्त्यात खुपसली. आतून करिश्मानं दिलेली गादीची चड्डी. आपण पाळण्यातल्या पोरासारखं लंगोट बांधून चाललो आहोत, या लाजेनं निम्मा चढ ती कोणाकडे न बघता चढली.

वाटाड्याचं नाव हामिसी. चाळिशीचा, शांत, पायात स्प्रिंगा असल्यासारखा. बरोबर दोन गोरी जोडपी, दीपमालाच्याच वयाची. हामिसी तिला ‘मामा’ म्हणे. तिकडं आईच्या वयाच्या बाईला तसंच म्हणतात. पहिल्यांदा तिनं मागं वळून पाहिलं, कोणाचा मामा आला म्हणून. सगळ्यांच्या मागून एक गाडी चाले, सामानाची, पाण्याची, आणि थकलेल्या माणसांची. गोऱ्या बायका थोडा चढ आला की हात वर करून खुशाल गाडीत बसत आणि काचेतून फोटो काढत.

दीपमालाच्या मांड्या थरथरायला लागल्या तेव्हा हामिसी थांबला आणि इंग्रजीत म्हणाला, मामा, गाडीत बसता का? दीपमाला हसून म्हणाली, "नो नो, आय ॲम फाइन." आणि हँडल सैल सोडून उभी राहिली, कारण आता हा म्हणेल, नाही मामा, बसाच. हामिसीनं मान डोलावली, अंगठा दाखवला आणि निघून गेला. त्याच्यामागून गाडीही गेली. दीपमाला त्या धुळीकडे पाहत राहिली. असा कसा माणूस आहे हा?

जेवणातही तीच गत. राजमा आणि बटाट्याची भाजी फार चवदार. आणखी वाढू का म्हणून तिथल्या वाढणाऱ्या बाईनं विचारलं, हिनं पंजा आडवा धरला, आणि बाई पातेलं घेऊन सरळ आत. दीपमाला ताटावरच्या बोटांकडे बघत बसली. रात्री पिशवीतला चिवडा काढून खाल्ला, तोही डोंगर उतरेपर्यंत संपला. करिश्माला सांगावं तर करिश्मा जेवताना त्या गोऱ्या मंडळींना कौतुकानं सांगत होती, की माझी आई कधी थकत नाही, हिनं आख्खं आयुष्य सायकलवर काढलं. गोऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग कसली थकते बाई. टाळ्या वाजल्यावर थकता येतं का कोणाला?

डोंगर उतरले तसं ऊन लागलं. गवताचा पिवळा माळ, मधे मधे गोरखचिंचेची ढोलासारखी झाडं, आणि हवा थेट मे महिन्यातल्या अकोल्याची. लांबवर जिराफ उभे होते. सगळे थांबले, करिश्मा आनंदानं नाचली. दीपमालाला जिराफ दिसले, नाही असं नाही. पण तिच्या मनात आलं ते एवढंच, की इतक्या उंच मानेचं ओझं दिवसभर धरायचं म्हणजे काय होत असेल बिचाऱ्याचं.

संध्याकाळी तंबूत कुंदनचा फोन लागला. भाडेकरू मिळाला होता. आई परत आली की लगेच टेम्पोनं सामान हलवायचं. करिश्मानं फोन हातानं झाकून विचारलं, चालेल ना? दीपमालानं मानेनं ‘हो’ म्हटलं, आणि पायावरच्या फोडांना मलम लावत बसली.

माळ संपला आणि घायपाताची शेतं लागली. आपल्याकडं शेताच्या धुऱ्याला चार-दोन झुडपं असतात, तिथं नजर पोचेल तिथपर्यंत घायपातच, रांगेनं, भाल्यांसारखी. सावली नावाला नाही. बाकीचे पुढे गेलेले. दीपमाला सायकल हातात धरून चालत होती, कारण चढ नसतानाही आता पायडल फिरत नव्हतं. समोरून डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई येत होती. जवळ आल्यावर ती थांबली, दीपमालाकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "पोले, मामा." आणि मोळी सावरत पुढे गेली.

हामिसी मागे वळून आला होता, गाडीही त्याच्यामागं आली. पाण्याची बाटली त्यानं पुढे केली. ती बाई काय म्हणाली, दीपमालानं विचारलं. हामिसी म्हणाला, तसं मोठं काही नाही. कोणी कामात असलं, दमलं असलं, दुःखात असलं, की आमच्यात ‘पोले’ म्हणतात. तुला फार कष्ट पडतायत गं, एवढाच त्याचा अर्थ.

दीपमालाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती हामिसीवरच उखडली. तिचं इंग्रजी दवाखान्यातलं, मोडकंतोडकं, पण राग काय मोडका नव्हता. ती बाई वाटेनं जाता जाता पाहू शकते, मग तुला कसं दिसलं नाही? तू मला एकदाच कसं विचारतोस? पुन्हा का विचारत नाहीस?

हामिसी जरा गोंधळला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं कपाळ पुसलं.

"दिसत होतं, मामा," तो म्हणाला. "पण तुम्ही नाही म्हणालात. दुसऱ्यांदा विचारलं की पाहुण्यांना राग येतो, हा आपल्याला म्हातारं समजतो म्हणून. मी तुमचं ऐकलं."

रस्त्याच्या मधोमध ती उभी राहिली. आपलं ‘नाही’ कोणी इतकं खरं धरेल, हे तिच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. आणि आपलं ‘हो’ही सगळ्यांनी तसंच खरं धरलं असेल की काय? कुंदननं, जावांनी, त्या दवाखान्यातल्या सगळ्यांनी? इतकी वर्षं दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत बसलो, आणि त्या सगळ्यांना ते विचारायचं असतं हे माहीतच नव्हतं?

"मी थकली," ती मराठीतच म्हणाली. मग इंग्रजीत म्हणाली. हामिसीनं सायकल गाडीवर चढवली आणि दार उघडून धरलं. गाडी सुरू होण्याआधीच बाईला झोप लागली.

मुक्कामावर करिश्मा घाबरून धावत आली. ताप आहे का, चक्कर आली का, बीपीची गोळी घेतली होती का. आईला काही झालेलं नाही, ती नुसती दमली आहे, हे तिला पटेचना. बिचारीनं कधी पाहिलंच नव्हतं तसं.

समुद्र आला तो पांगानी गावाला. नारळीची झाडं, पांढरी वाळू. आपल्याच समुद्राचा हा पलीकडचा काठ, हे कळल्यावर दीपमालाला जरा बरं वाटलं. दुपारी दोघी ओसरीवर बसल्या होत्या. करिश्मा फोनवर भावाचा निरोप वाचत होती.

"आई, दादा विचारून राहिला, टेम्पो रविवारचाच सांगू का म्हणून."

"टेम्पो नोको म्हणा."

"मंग सोमवारचा?"

"सोमवारचा बी नोको. मी अकोल्याले राहाले येत नाई."

करिश्मानं फोन खाली ठेवला. "तू तर हो म्हणली होती."

"म्हणली होती. तवा कोणी म्हणलं नाई, आई तू थकली असशीन म्हणून."

"पण तू थकतच नाई ना, आई."

"हे कोणं सांगतलं तुले?"

करिश्मानं फोन पुन्हा उचलला. गावभर तर तीच सांगत फिरली होती. तिनं भावाचा नंबर लावला आणि फोन आईच्या हातात दिला.

कुंदननं ऐकलं आणि चक्क हसला. तोही पक्का वऱ्हाडी, आईच्या नकाराची त्याला लहानपणापासून सवय. "असं कसं? यावंच लागीन. आमी काई ऐकत नाई," असं तो लाडानं म्हणाला. घ्या आता. जो आग्रह बाईनं जन्मभर मागितला, तो नेमका आज आला. ती पुन्हा नाही म्हणाली. त्यानं पुन्हा गळ घातली, पोट्टे तुयी वाट पाहून राहिले म्हणाला. त्यातलं एक पोट्टं खरंच मागं रडत होतं, आणि ते ऐकून दीपमालाचे हात आपोआप पुढे झाले, अगदी फोन पडता पडता वाचला.

"कुंदन," ती म्हणाली, "पोट्ट्यायले पाहाले येईन, चार दिवस राहीन, अन् माह्या घरी परत जाईन. राहाले नाई येत. मी थकली, बाबू. लय आधीपासून थकली."



"अन् ज्योत्स्नाची शाळा?" कुंदननं विचारलं. आता तो हसत नव्हता.

एरवी यावर तिच्याकडं उत्तर असायचंच, आणि ते उत्तर ती स्वतःच असायची. "ते तुमी दोघं पाहा," ती म्हणाली. एवढं म्हणताना उसांबाराचा चढ बरा, असं वाटलं तिला. कुंदन ‘बरं’ म्हणाला. रागानं म्हणाला का दुःखानं, कळलं नाही. फोन ठेवला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी जुनं बंदर पाहायला सायकलींवर निघाली. करिश्मानं आईला येतेस का विचारलं, आईनं मानेनं ‘नाही’ म्हटलं, आणि पोरीनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. खिडकीतून खारा वारा येत होता. पांघरुणातच दीपमालानं फोन उघडला. कुंदनचा निरोप होता. भाडेकरूले ‘नाई’ म्हणून सांगतलं. ज्योत्स्ना नाराज आहे. आम्ही पाहतो काहीतरी. तू आराम कर.

‘नाराज’वर तिची नजर अडकली. वाईट वाटलं, बोट आपोआप अक्षरांवर गेलं. ‘ज्योत्स्नाले म्हणा मी’ एवढं लिहून झालं. पुढं काय लिहिणार होती कोण जाणे. बोट तिथंच राहिलं आणि बाई घोरायला लागली.