तेवीस बंदुका आणि गुरुदत्त भावजी

२००६ च्या दिवाळीत, जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या आम्हा मराठी मंडळींत, फराळाच्या आधी एक बातमी फिरली: गुरुदत्त सुर्व्यांना त्यांच्या बायकोने, नीलिमाने, घराबाहेर काढलंय आणि ते हल्ली जंगलात मचाणावर झोपतात.

साफ खोटं. मी त्यांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहते, मला माहीत आहे. भावजी मचाणावर जायचे ते शनिवारी संध्याकाळी, आणि साडेनवाला घरी येऊन पिठलं-भात खायचे. घराबाहेर काढण्याचा भाग कुठून आला म्हणाल, तर तो बहुतेक माझ्याच तोंडून निसटला असावा.

भावजी गाडीच्या कारखान्यात दारांच्या बिजागऱ्या बघतात. स्वतः मात्र बिजागरी निखळलेल्या दारासारखे, सारखे हलत. चहा उभ्याने पिणार, फोनवर बोलता बोलता बाल्कनीच्या पंचवीस फेऱ्या मारणार. सिनेमाला गेले तर मध्यंतराआधी तीनदा बाहेर. अशा माणसाला कारखान्यातल्या पेंट शॉपचे निवृत्त फोरमन वामबोल्ट एकदा ओडेनवाल्डच्या जंगलाच्या कडेला, आपल्या शिकारीच्या रानात घेऊन गेले. मचाणावर भावजी दोन तास बसले. म्हणजे खरंच बसले. नीलिमाला वाटलं, जर्मन माणूस चेष्टा करतोय.

मग शिकारीचा परवाना. अभ्यासात हुशार, पण नेमबाजीत दोनदा नापास. तिसऱ्यांदा कसेबसे पार पडले. दोष कुणाचा? शिकवणीतल्या बंदुकीचा. "हत्यारच धड नव्हतं हो," भावजी म्हणाले, आणि तिथून दीड वर्ष धड हत्याराचा शोध सुरू झाला.

इंजिनिअर माणूस. त्यांनी कारखान्यात पुर्जे निवडतात तसा तक्ता मांडला. तेवीस बंदुका, प्रत्येकीला गुण: वजन, नळीची लांबी, धक्का किती, आवाज किती. एकीत हरणही व्हावं आणि रानडुक्करही, कारण दुसरी बंदूक नीलिमा घरात येऊ देणार नव्हती. दुर्बिणीचं तर विचारूच नका. अंधार पडताना दिसायला मोठ्या काचेची हवी, आणि हाकाऱ्यात, आरडाओरडा करून रान उठवल्यावर, डुक्कर पळत आलं तर छोटी, हलकी हवी. सोमवारी मोठी जिंकायची, गुरुवारी छोटी. जिन्यात गाठ पडली की मला विचारायचे, "वहिनी, छपन्न मिलिमीटर जास्त होतं का हो?" मी सांगायची, "कशाचं ते सांगा, मग बघू."

बंदुकीचं पोलादी कपाट तळघरात येऊन वर्ष झालं होतं. त्यात नीलिमाने बासमतीच्या गोण्या ठेवल्या होत्या.

दिवाळीनंतर वामबोल्टांचा धीर संपला. त्यांच्या रानात एकाच पाहुण्या शिकाऱ्याला जागा होती आणि जावई केव्हाचा टपून बसलेला. ते घरी आले, चकली खाल्ली आणि म्हणाले, "गुरू, अकरा नोव्हेंबरपर्यंत नेम बसवलेली तुझी स्वतःची बंदूक मला दाखव. नाहीतर पंचवीस तारखेच्या हाकाऱ्याला जावई येईल. आणि मग कायमचा तोच."

ते गेल्यावर भावजींनी रात्रीचं जेवणही फेऱ्या मारत उरकलं. नीलिमा माझ्याकडे आली, चेष्टेचं काही ऐकून न घेण्याच्या सुरात म्हणाली, "सुरेखाताई, सगळ्या दुनियेत ती एक जागा आहे जिथे हा माणूस स्वस्थ बसतो. ती गेली तर मी काय करू?"

नऊ तारखेला, गुरुवारी, अर्धी रजा काढून आम्ही तिघं डार्मश्टाटजवळच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. मी कशाला? अहो, नीलिमाला सोबत. दुकानाची मालकीण साठीची, हातांना तेलाचा वास. भावजींनी तक्ता पुढे केला. तिने तो पालथा घालून त्यावर चष्मा ठेवला, आणि यादीतली पहिल्या नंबरची बंदूक त्यांच्या हातात दिली.

"डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा. काय दिसतं?"

"काळोख," भावजी म्हणाले.

मान वाकडी केली, दस्ता वर-खाली केला. दुसरी बंदूक, तिसरी. काळोखच. पाय नाचायला लागले. मालकीण समोर जाऊन उभी राहिली. "दोन्ही हात लांब करा. तळव्यांच्या मध्ये छोटी फट ठेवा. तिच्यातून माझं नाक बघा." तिने वाकून बघितलं. "मला तुमचा डावा डोळा दिसतोय. म्हणजे नेम धरतो तो डावा. तुम्ही उजव्या खांद्यावरून कशाला झाडता?"

"मी उजवाच आहे."

"अहो, कुठचे उजवे?" नीलिमा उसळली. "पाना कुठल्या हातात धरता? माझी पोळी कुठल्या हाताने पळवता?"

भावजी हळूच म्हणाले, "आई डाव्या हातातला घास काढून घ्यायची. चिपळूणच्या शाळेत बाई पट्टी मारायच्या. मी उजवा झालो." तेवीस बंदुकांच्या तक्त्यात डावा-उजवा असा रकानाच नव्हता. दोनदा नापास झाला तो त्यांचा डोळा नव्हता, चिपळूणची शिस्त होती.

दुकानात डावखुरी बंदूक एकच: वापरलेली, दस्त्यावर लांब ओरखडा, दुर्बीण ना मोठी ना छोटी. गोळी हरणालाही चालणारी, डुकरालाही. तक्त्यात तिचं नावही नव्हतं. भावजींनी ती डाव्या खांद्याला लावली, डोळे उघडले आणि हललेच नाहीत.

मग अर्थातच हलले. "मला तीन दिवस द्या, गुण काढून बघतो," म्हणत बाहेर गेले आणि पावसात पार्किंगला फेऱ्या मारू लागले. आम्ही काचेतून बघत होतो. सहाव्या फेरीला नीलिमाने काचेवर बांगडी वाजवली आणि कॅलेंडरकडे बोट दाखवलं. भावजी आत आले. घेतली.

शुक्रवारी रेंजवर शंभर मीटरवरून शेवटच्या तीन गोळ्या एका बशीत मावतील अशा बसल्या. शनिवारी वामबोल्टांनी तो भोकं पडलेला निशाणाचा कागद उजेडाला धरला, दोनदा फिरवला आणि म्हणाले, "पंचवीसला. सकाळी सात. उशीर नको." जावयाचं नाव निघालं नाही.

पंचवीसला भावजी संध्याकाळी परतले. चिखलाने माखलेले, नाक लाल, हात रिकामे. एक डुकरीण अगदी समोर आली होती, पण मागे पिल्लं होती, आणि पिल्लांच्या आईवर गोळी झाडत नाहीत. मी जिन्यातच गाठलं.

"काय हो भावजी, दीड वर्ष, तेवीस बंदुका, एक डावखुरी, आणि घरी आणलं काय? सर्दी?"

भावजींनी बंदुकीची पिशवी डाव्या खांद्यावर सरकवली आणि म्हणाले, "वहिनी, मी आज तीन तास न हलता बसलो. तुम्ही तीन मिनिटं न बोलता बसून दाखवा."