कुणासाठी गायचंय?

हरिबुवा वडूजकर यांचा आणि माझा पहिला परिचय भांडणाने झाला. लढाईत पायाला इजा होऊन मी पलटणीतून परत आलो होतो आणि सांगलीच्या एका हायस्कुलात कवायत-मास्तर म्हणून लागलो होतो. पलटणीत हवालदार असताना जे करीत होतो तेच शाळेतही करीत होतो, म्हणजे ओरडत होतो. एके सकाळी काळी टोपी आणि जुना लांब कोट घातलेले एक गृहस्थ मैदानाच्या कुंपणापाशी येऊन उभे राहिले. कवायत संपत आली तरी ते हलेनात. मी लंगडत जवळ गेलो आणि काय काम आहे म्हणून विचारले. ते घोगऱ्या, निम्मा वाराच असलेल्या आवाजात म्हणाले, "तुमचा गळा अजून दोन वर्षं चालेल. मग जाईल."

असे कुणी तोंडावर सांगितले की राग येतोच. आपण डॉक्टर आहात काय, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. ते म्हणाले, "नाही. माझा बत्तिसाव्या वर्षी गेला." आणि कोटाच्या खिशात हात घालून निघून गेले.

हे गृहस्थ कोण, ते मला शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी सांगितले. हरिबुवा तरुणपणी एका नाटक कंपनीत गात असत. गावोगावचे मुक्काम, एकेका आठवड्यात तीन-तीन खेळ, आणि मागच्या प्रेक्षकापर्यंत पोचायचे म्हणून पट्टी चढवलेली. एका मुक्कामात अंगात ताप असताना मालकांनी खेळ बंद ठेवू दिला नाही. बुवा गायले. पुढच्या आठवड्यात त्यांचा आवाज बसला तो उठलाच नाही. कंपनीने दुसरा गाणारा आणला. बुवा सांगलीला कृष्णेच्या घाटाजवळ दोन खोल्या घेऊन राहिले आणि पोटासाठी शिकवू लागले. त्यांच्याकडे येत ती बहुतेक माझ्यासारखी वय झालेली, नोकरी-धंद्यातली, गाणे पोटासाठी नव्हे तर हौसेसाठी शिकणारी माणसे.

माझ्या हौसेला एक कारण होते. माझे गाव कडेगावच्या बाजूला. वडील गावच्या भजनाचे बुवा होते. ते वारले तेव्हा मी समुद्रापलीकडे होतो. पत्र हाती पडले तेव्हा त्यांचे वर्षश्राद्ध जवळ आले होते. परत आल्यावर पहिल्या एकादशीला वडील म्हणत तो अभंग मी मारुतीच्या देवळात म्हणायला घेतला. आमच्या भागातल्या भजनी मंडळींचा समज असा की जो उंच चढतो तो मोठा. पेटीवर काळी चार धरायची आणि मानेच्या शिरा फुगेपर्यंत ओढायचे. खालच्या पट्टीत म्हणणाऱ्याला "आजारी हायस का रं?" असे विचारतात. मी काळी चार धरली आणि दुसऱ्याच ओळीला माझा आवाज फाटला. मंडळींनी हसू दाबून माझ्या हातात टाळ दिले. बायकांच्या रांगेत माझी आई बसली होती. घरी जाताना ती एवढेच म्हणाली की, नको म्हणूस तू, घसा दुखंल तुजा. वडील गेल्यापासून तो अभंग आमच्या घरात कुणी म्हटला नव्हता. एकदा तरी तो आईला नीट म्हणून दाखवायचा, एवढीच माझी इच्छा होती. छत्तिसाव्या वर्षी मी बुवांच्या दारात जाऊन उभा राहिलो तो यासाठी. मैदानावरच्या भांडणाचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

बुवांची शिकवण्याची रीत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला सूर लावू दिला नाही. सतरंजीवर उताणे निजवायचे आणि पोटावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचा. श्वास घेताना तांब्या वर यायला हवा, सोडताना सावकाश खाली जायला हवा, आणि पाणी सांडता कामा नये. मी अंगरखा भिजवून घरी जात असे. अडचण अशी की, पलटणीने मला पंधरा वर्षे छाती पुढे आणि पोट आत असे उभे राहायला शिकवले होते, आणि गाणाऱ्याला नेमके उलटे लागते. बुवा म्हणत, "पोट सोडा, हवालदार. इथं पाहणीला साहेब येत नाही." मग पेटी काढून त्यांनी माझी पट्टी शोधली. तो शोध तीन दिवस चालला. शेवटी पांढरी एक, ही बरीच खालची पट्टी ठरली. वडिलांची काळी चार आणि माझी पांढरी एक, हे ऐकून मला लाज वाटली. बुवा म्हणाले, वडिलांचे जोडे आपल्याला होत नाहीत म्हणून कुणी पाय कापून घेत नाही.

त्यापुढे रोज पहाटे खर्ज. हनुवटीखाली दोन बोटे धरायची आणि सूर चढला तरी ती वर जाऊ द्यायची नाही. शाळेत ओरडायचे बंद. मी शिटी विकत घेतली, आणि हेडमास्तरांनी ही शाळा आहे की आगगाडीचे स्टेशन, असे विचारले. पण या सगळ्यापेक्षा कडक असा बुवांचा एक नेम होता. शिकायला लागल्यापासून एक वर्ष कुठलेही गाणे म्हणायचे नाही. चीज नाही, पद नाही, अभंग नाही. शब्द आले की जुनी खोड परत येते आणि गळा पुन्हा ओढला जातो, असे त्यांचे म्हणणे. नेम सर्वांना सारखा होता. मोडला म्हणून एका सावकाराला त्यांनी वर्गातून काढून टाकले होते. मी शिपाईगडी, हुकूम म्हणजे हुकूम. मला तो नेम आवडलाच.

बुवांचा मायाळूपणा याच काळातला. मला हिवताप झाला तेव्हा ते दिवसाआड माझ्या खोलीवर येऊन बसत, त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या काकूंनी, दिलेली पेज स्वतःच्या हाताने पाजत, आणि मी गुणगुणत तर नाही ना, यावरही लक्ष ठेवत.

बुवांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी गोड आठवणी लिहा असे कळवले आहे. माझ्याजवळची मुख्य आठवण गोड नाही. ती गाळली तर बुवांबद्दल मी काहीच सांगितले नाही असे होईल, म्हणून लिहितो.

नेमाचे नऊ महिने झाले होते. धाकटा भाऊ शिवराम याचा निरोप आला की आईचे काही खरे नाही. रजा काढून मी निघालो. तेव्हाच्या सर्व्हिस मोटारी कोळशावर चालत, आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची. घरी पोचलो तेव्हा आई पडवीत पडून होती. अंगात काही उरले नव्हते, पण बोलणे स्वच्छ होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला जवळ बोलावले आणि म्हणाली, "दौलत, तुज्या बाचं त्ये म्हन की रं."

मी तिला समजावून सांगितले. सांगलीला मोठे गुरू मिळाले आहेत, त्यांचा नेम आहे, आता तीनच महिने राहिले. मग बाबांसारखे म्हणून दाखवीन. भाऊ माझ्याकडे पाहत होता.

आई म्हणाली, "व्हय. थांबते की."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

यात सारा दोष नेमाचा होता असे मी म्हणणार नाही. नेम नसता तरी मी कदाचित म्हटले नसते. देवळात फाटलेला आवाज तिच्यासमोर पुन्हा फाटेल याची मला भीती वाटत होती, आणि नेम त्या भीतीला पांघरूण म्हणून सापडला. हे मला आज कळते. त्या वेळी मात्र मी सारा राग बुवांवर काढला. तेरावे झाले तरी सांगलीला परतलो नाही. शाळेला रजेचा अर्ज पाठवला. बुवांना एक ओळही लिहिली नाही. पहाटे उठायचो आणि खर्ज न लावता तसाच बसून राहायचो.

एक दिवस भर दुपारी बुवा आमच्या दारात उभे. चित्रकलेच्या मास्तरांकडून त्यांना आई गेल्याचे कळले होते. मोटार वाटेत बंद पडली म्हणून शेवटचे तीन कोस ते उन्हातून चालत आले होते. वय पंचावन्नच्या पुढे. भावजयीने पाणी दिले, पण ते प्याले नाहीत. आधी मला म्हणाले, काय झाले ते सांगा. मी सांगितले. भावासमोर, भावजयीसमोर, एकही शब्द न गाळता सांगितले, आणि त्यांना लागावे अशाच रीतीने सांगितले. आई काय म्हणाली ते दोनदा सांगितले, अभंग कुठला तेही सांगितले.

माझी अशी अपेक्षा होती की ते म्हणतील, अहो, मरणाऱ्या आईला नाही म्हणा असे मी कुठे सांगितले होते? तसे म्हणायला त्यांना जागा होती. दुसरा कुणीही म्हणाला असता. बुवांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "माझा गळा गेला त्या भीतीनं मी हा नेम केला आणि सगळ्यांना लावला. गळा सांभाळायला शिकवलं. तो सांभाळायचा कशासाठी, ते कुणाला विचारलंच नाही."

आज म्हणता का, असे त्यांनी मला विचारले. मी नाही म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही. आई जिथे पडून असे त्या जागेकडे तोंड करून ते जमिनीवर बसले, आणि त्यांनी स्वतः तो अभंग म्हणायला सुरुवात केली.

बुवांना गाताना त्यांच्या कुठल्याही शिष्याने ऐकले नव्हते. आवाज गेल्यापासून तेवीस-चोवीस वर्षांत त्यांनी एक ओळ म्हटली नव्हती. सूर दाखवायचा तर पेटीवर दाखवीत. जे ऐकू आले ते चांगले नव्हते. हा गौरवलेख असला तरी खोटे लिहीत नाही. निम्म्या अक्षरांना सूरच नव्हता, नुसती हवा होती. वरच्या जागी आवाज चिरकला, थांबला, त्यांनी तीच जागा पुन्हा घेतली आणि तो पुन्हा चिरकला. तरी ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. भावजय पदराने डोळे पुसत होती. शिवराम, जो माझ्याशी आई गेल्यापासून धड बोलला नव्हता, माझ्या शेजारी येऊन बसला. मी पोटभर रडलो. त्याआधी मला रडू आले नव्हते.

त्यानंतर महिनाभर बुवांना मुळीच बोलता येत नव्हते. पाटीवर लिहून ते वर्ग घेत. काकूंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांनी लावला असता तर बरे वाटले असते.

मी वर्गात परतलो तेव्हा नेम बदललेला होता, आणि तो आजतागायत तसाच आहे. नवा माणूस आला की पेटी उघडण्याआधी बुवा त्याला विचारतात, "कुणासाठी गायचंय?" स्वतःसाठी, असे उत्तर आले तर पूर्वीप्रमाणे एक वर्ष. पण दुसऱ्या कुणाचे नाव आले, तर ते माणूस केवढे आहे, कुठे आहे, तब्येत कशी आहे, हे सगळे विचारतात. माणूस म्हातारे असले तर त्याला हवे ते गाणे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पट्टी खाली घेतात, ताना काढून टाकतात, दोन ओळी येत असतील तर दोनच घेतात. ते म्हणून या, मग आपण शिकू, असे सांगून त्या माणसाला घरी पाठवतात. साताऱ्याच्या कचेरीतले कारकून शंकरराव रविवारी येत. त्यांचे वडील ऐंशीच्या घरात आणि अंथरुणाला खिळलेले. बुवांनी घाईघाईने त्यांना एक पद बसवून दिले. वडिलांनी ते ऐकले आणि उठून बसले. अजून आहेत, आणि रोज संध्याकाळी तेच पद म्हणायला लावतात. शंकरराव म्हणतात, बुवांनी निदान दोन पदे तरी शिकवायला हवी होती.

माझा गळा बुवांनी वाचवला. आज मी मैदानावर बोलतो तेव्हा शेवटच्या रांगेतल्या मुलाला ऐकू जाते आणि संध्याकाळी घसा दुखत नाही. गावच्या भजनात पांढरी एक लागते, आणि मला आजारी हायस का, असे आता कुणी विचारत नाही. पुष्कळ पदे शिकलो, अभंग शिकलो. वडिलांचा तेवढा एक अभंग मात्र मी आई गेल्यापासून म्हटला नव्हता. बुवांनी तो कधी मागितला नाही.

साठीच्या समारंभात मी तो म्हणावा असे समितीने ठरवून माझे नाव कार्यक्रमपत्रिकेत घातले. मीही आधी होकार दिला होता. मग एक दिवस शाळेतून घरी जाताना मनात हिशेब केला की, समारंभाला अजून दोन महिने आहेत. चालता चालता थांबलो, मागे फिरलो आणि तसाच घाटावर गेलो. बुवा तांदूळ निवडत बसले होते. पेटी नाही, तंबोरा नाही. मी समोर बसलो आणि म्हटला. बुवा रडले. नंतर म्हणाले, दुसऱ्या ओळीला हनुवटी वर गेली.

तेव्हा समितीने माझे नाव पत्रिकेतून काढावे, ही विनंती. माझे म्हणून झाले आहे.

बुवांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, काकूंचा सहवास त्यांना अखंड लाभो, अशी मी अंतःकरणापासून प्रार्थना करतो. पण माझा भरवसा प्रार्थनेवर नाही. ज्यांना बुवांपाशी काही बोलायचे असेल, काही म्हणून दाखवायचे असेल, त्यांनी पंचाहत्तरीच्या समारंभाची वाट पाहू नये. घाटाजवळचे घर सर्वांना ठाऊक आहे. हे पुस्तक मिटावे आणि आजच जावे.