सभामंडपातला अडकलेला डाव

“हितं फरशी बसायची नाय,” बुधाजीबाबा म्हणाले. “डाव चालू हाय.”

मिस्त्री कालवलेल्या सिमेंटकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी तेव्हा मुरबाडला सरकारी बांधकाम खात्यात ज्युनियर इंजिनियर होते. वैशाखऱ्याच्या पुढे, आत एका गावात, देवळाच्या सभामंडपाला टाइल्स बसवून घ्यायच्या होत्या. काम लहान, उद्घाटन मोठं. ज्या पुढाऱ्याच्या निधीतून काम होतं ते स्वतः येणार होते. आमच्याकडे उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि काम तिच्या मागे धावतं.

मंडपाच्या मधोमध जोत्याच्या काळ्या दगडावर रेघा कोरलेल्या होत्या. त्यावर काही पांढरे आणि काही काळे खडे. हा वाघबकरीचा पट. खेळ शिकायला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो. एकाकडे मोजके वाघ, दुसऱ्याकडे पुष्कळ बकऱ्या. शेजारच्या बकरीच्या पलीकडची जागा मोकळी असेल तर वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि बकरी मेली. बकऱ्यांना मारता येत नाही. त्यांनी अंग चोरून, एकमेकींना धरून वाघाला कोंडायचं. नियम एवढेच. पण समोर कोण बसलंय त्यावर एक डाव आठवडाभरही चालतो.

हा डाव दिवाळीपासून चालू होता.

गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. मधल्या ओहोळावर बंधारा. पाणी उतरलं की आधी कुणाचा पाट सोडायचा हे दरवर्षी या पटावर ठरतं. पहिल्याला पाणी, दुसऱ्याला जे उरेल ते. डावाचा निकाल लागेपर्यंत मागच्या वर्षीचा नंबर चालू राहतो. मागच्या वर्षी नंबर वरच्या वाडीचा होता, आणि आता चाल करायची होती वरच्या वाडीच्या राघोकाकांनी. बकऱ्या त्यांच्या. कुठलीही बकरी हलवली तरी वाघाला उडी मिळत होती, आणि आणखी एक बकरी गेली की डाव संपला.

म्हणून राघोकाका विचार करत होते.

“कवापासून इचार करतोस रं?” बुधाजीबाबांनी विचारलं. ते खालच्या वाडीचे, वाघ त्यांचे. “माझ्या काकडीचं येल वाळून चाललं.”

“घाईचा खेळ हाय का ह्यो?” राघोकाका म्हणाले.

निर्णय लांबवला की जुनी व्यवस्था आपोआप चालू राहते, हे तंत्र आमच्याच खात्यात वापरतात असा माझा समज होता.

बरं, राघोकाका शेतावर गेले तरी डाव मोडत नसे. दोन्ही बाजूंना एकेक पोतं अंथरलेलं. वाडीतला दुसरा कुणीही पोत्यावर बसू शकत होता. “पोत्यावर जो बसंल त्याचा हात वाडीचा,” बुधाजीबाबांनी मला समजावलं. अर्थात वरच्या वाडीतून जो येई तोही विचारच करी.

मी डेप्युटी साहेबांना कळवलं. ते जीप घेऊन आले.

“तो दगड उचला आणि बाजूला ठेवा.”

“सर, दगड जोत्यात आहे.”

“मग खडे उचला.”

“कोन उचलतंय?” राघोकाकांनी विचारलं.

साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. ही हालचाल सरकारी नोकरीत लवकर अंगवळणी पडते. शेवटी मी तोडगा काढला. पट तेवढा सोडून भोवती टाइल्स बसवल्या. नवी कोरी चकचकीत फरशी आणि मध्ये काळा चौकोन. बुधाजीबाबांच्या काकडीवर मात्र माझ्याकडे तोडगा नव्हता. पिवळी पडलेली पानं त्यांनी मला एकदा आणून दाखवली होती.

उद्घाटन झालं. फीत कापली, नारळ फुटला, भाषणात सभामंडपाला ‘विकासगंगा’ म्हणून झालं. मग पाहुण्यांचं लक्ष काळ्या चौकोनाकडे गेलं. डेप्युटी साहेबांचा चेहरा उतरला. पाहुणे मात्र खूश झाले.

“वाघबकरी! अहो, हे आपलं अस्सल मातीतलं बुद्धिबळ. राजकारण आम्ही इथंच शिकलो.”

राघोकाका भारावले. एवढा मोठा माणूस आपल्या पटाजवळ उभा. त्यांनी पोतं झटकलं, नीट अंथरलं आणि हात जोडले. “बसा सायेब, बसा ना.”

पाहुणे बसले. फोटोग्राफर पुढे सरकला. “साहेब, एक चाल करताना घेऊ या.”

पाहुण्यांनी कॅमेऱ्याकडे बघत एक बकरी उचलली आणि शेजारच्या घरात ठेवली. फ्लॅश पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग वरच्या वाडीच्या टाळ्या एकेक करत थांबल्या.

बुधाजीबाबा समोरच्या पोत्यावर बसले. वाघ उचलला, उडी मारली, बकरी खिशात टाकली.

“झाला डाव.”

“आरं, त्ये पावनं हायेत!” राघोकाका ओरडले.

“पोत्यावर कोनी बशिवला? मी बशिवला?”

पाहुण्यांनी विचारलं, “मी जिंकलो का?”

“अर्थात, सर,” डेप्युटी साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वाडीचा पाट सुटला. अर्धे वेल गेले होते, अर्धे वाचले. मी मोजमापं घ्यायला गेले तेव्हा राघोकाका मंडपाच्या पायरीवर बसले होते.

“तुमचा पावना बकरीकडून बसला आन् वाघासाठी खेळला,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर नोकरीत मी बरीच उद्घाटनं उरकली. पाहुण्यांच्या एका हातात कात्री आणि दुसऱ्यात गुच्छ मी स्वतः देते, आणि ते गाडीत बसेपर्यंत दोन्ही परत घेत नाही.