उडून दाखव बे

"उड बे. घोंगडी नीट पसर आन उड."

देशमुखांचा धाकटा लेक ओसरीवरून ओरडला. मी त्यांच्या घरापुढच्या लिंबाच्या फांदीवर उभा. घोंगडीची दोन टोकं मनगटांना बांधलेली, दोन घोट्यांना. ओसरीवर तहसीलदार आणि त्यांचे पाहुणे पान खात बसलेले. मी दोन लेकरांचा बाप. आणि मी उडी मारली.

दाणकन पडलो. सगळे पोट धरून हसले. "अजून एकदा," धाकटे मालक म्हणाले. पुन्हा चढलो. या खेपेला घोटा मुरगळला.

हे कशापायी, ते सांगतो. कपिलधारच्या दरीतून धाकट्या मालकांनी एक उडती खार मारून आणली होती. तिच्या पुढच्या-मागच्या पायांत कातड्याचा पडदा असतो. तो ताणून ती या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाते. मालक हैदराबादेत शिकलेले. त्यांना ती पेंढा भरून बैठकीत मांडायची होती. पण मेलेल्याला हात लावायचा तो महारानंच, ही गावाची रीत. म्हणून मला बोलावणं आलं. गेल्या गेल्या हातावर गुळाचा खडा पडला. वरून टाकलेला.

"तुला हैदराबादला नेतो. तिथं असलंच काम करशील. पोटाला मिळंल," मालक म्हणाले.

मला तेव्हाच शंका आली होती. या घरातून फुकट काही मिळालं की पाठोपाठ वेठ येते, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबरच कळतं. तरी हैदराबाद म्हटल्यावर मन हललं. तिथं मला कोण ओळखणार?

मी कातडं सोललं. त्यांनी पेंढा भरला, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी बसवले. त्यांच्या आईनं वरून गोमूत्र शिंपडलं. खार शुद्ध झाली आणि आत गेली. मी बाहेरच. गोमूत्राची घागर माझ्यावर उपडी केली असती तरी तो उंबरा मला ओलांडता आला नसता.

खारीखाली पाटी लावली. तिच्यावरचं नाव मालकांनी पाहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. लॅटिन होतं. त्यातला एक शब्द 'व्होलान्स', म्हणजे उडणारा. ही भाषा आता कुणी बोलत नाही म्हणे. मेलेली भाषा यांना चालते. मेलेली खार बैठकीत चालते. जितं माणूस चालत नाही.

तहसीलदारांनी विचारलं, "लेकिन ये उडती कैसे?"

मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवसापासून माझं नावच ते पडलं. "ए व्होलान्स!" चावडीवरून हाक यायची. शेंबडी पोरंही तेच ओरडायची. घोट्याला हळद लावताना बायकोनं विचारलं, "तुमी उडी मारलीच कावून?" मला इतका राग आला की मी तिचाच हात झिडकारला. तिनं पुन्हा हळद लावली.

पुढे पोळ्याच्या तोंडावर देशमुखांची म्हैस मेली. धाकटे मालक स्वतः महारवाड्याच्या कडेला येऊन उभे राहिले.

"व्होलान्स, चल. म्हैस वढायची हाय."

मी बसूनच राहिलो. "मालक, माझं नाव घ्या."

ते हसले. आणि त्यांनी नाव घेतलं की! अगदी मऊ आवाजात घेतलं. वर म्हणाले, "आन हैदराबादचं मी इसरलो न्हाई."

तिथं माझे डोळे उघडले. नावानं हाक मारा, नाहीतर खारीच्या नावानं, दोरी माझ्याच हातात यायची होती. नाव घ्यायला त्यांच्या बापाचं काय जात होतं?

"म्हैस तुमची हाय," मी म्हणालो. "तुमीच वढा."

मालक तोंडातल्या तोंडात शिवी देऊन गेले. मग आमचीच म्हातारी माणसं आली, हात जोडून. "पोरा, जा. सगळ्यांचं बलुतं बुडंल." मी गेलो नाही. माझ्या वाटचं दुसऱ्या कुणाला करूही दिलं नाही. म्हैस गोठ्यात फुगली. वास आधी त्यांच्या माजघरात शिरला.

खळ्यावरचं आमचं धान्य त्या सालापासून बंद झालं. गेवराईच्या रस्त्यावर खडी फोडली, लेकरं अर्धपोटी निजवली. खोटं कशाला बोलू, लई हाल झाले.

आजही मोठ्या घरचा कुणी माझ्याशी गोड बोलायला लागला, की याच्या दारात काय मेलंय, ते मी आधी बघतो. असेल ते त्यानं स्वतः ओढावं. माझा हात त्याला लागणार नाही.