फोटोच्या मागचा शिक्का

"आवं मिस्त्री, ह्यो फोटू कवाचा हाय, तेवढं सांगा. मंगळवारी सुनंचा पाट हाय."

बिरूआबा माझ्या ओट्यावर उकिडवे बसले होते. दहिवडीकडच्या माळावर मेंढरं राखणारा माणूस, फलटणपर्यंत चालत आला होता. त्यांचा मुलगा म्हाकू बोटीवर आगवाला, म्हणजे बॉयलरला कोळसा घालणारा. लढाईत त्याची बोट बुडाल्याची तार येऊन दीड वर्ष झालं होतं. सून साळू तरणी. आबांनी स्वतःच स्थळ बघून तिचं दुसरं लग्न ठरवलं होतं. आणि आता म्हाकूच्या मुंबईतल्या दोस्ताकडून हा फोटो आला होता. सोबत चिठ्ठी नाही. गोदीत म्हाकू उभा, मागे दोन बोटी.

मी बावीस वर्षं मुंबईच्या गोदीत फिटर. पायावर प्लेट पडली म्हणून गावी परतलेलो. बोटीतलं कळणारा पंचक्रोशीत मी एकटाच, आणि त्याची मला घमेंड होती. मी फोटो उलटा केला. मागे स्टुडिओचा शिक्का, त्यात तारीख. तार आल्यानंतरची, चांगली वर्षभरानंतरची.

उचलली जीभ लावली टाळ्याला. "आबा, पोरगा जिता हाय तुमचा!"

म्हातारा माझ्या गळ्यात पडून रडला. "सरकारात अर्ज करायचा तर बोटींची नावं लागतील," असं म्हणून मी फोटो ठेवून घेतला. ते पाट मोडायला गेले.

पुढच्या आठवड्यात भिंग घेऊन बसलो. पहिल्या बोटीच्या काळ्या धुराड्यावर पांढरा पट्टा होता. ती कंपनीची खूण. बोट कुणाची ते दुश्मनाला कळू नये म्हणून लढाईत असे पट्टे करड्या रंगाखाली गेले. एखादा राहिला असेल, मी मनाला म्हटलं.

दुसरी बोट सुक्या गोदीत होती. म्हणजे पाणी उपसून कोरडा केलेला मोठा हौद, तिथे बोटीच्या पोटाची दुरुस्ती होते. तिच्या नाकाडाजवळ पत्र्याचा तिरका पॅच. तो मीच बसवलेला. तिरका बसला म्हणून साहेबाने आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या. लढाईच्या पहिल्याच वर्षी त्याच बोटीच्या मागच्या टोकाला आम्ही तोफेसाठी चौथरा ठोकला. फोटोत चौथरा नव्हता.

फोटो म्हाकूची बोट बुडायच्या कितीतरी आधीचा होता. शिक्का होता तो नवी कॉपी काढल्याच्या दिवसाचा. दोस्ताने मित्राच्या घरी आठवण म्हणून ती धाडली होती, इतकंच.

दुसऱ्या दिवशी दहिवडीची मोटार धरली. आबांना सगळं सांगितलं.

"आन् पाट ठरल्यालं त्ये पाव्हणं?" मी विचारलं.

"त्यांनी त्याच मंगळवारी दुसरीकडं उरकलं."

साळू दारात उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने ते पदराने पुसलं.

"एकदा तारंनं रांडाव केलं," ती म्हणाली, "आन् दुसऱ्यांदा तुमी."

तिला पुन्हा स्थळ आलं नाही. दोनदा विधवा झालेली म्हणून लोक तिला अपशकुनी म्हणायला लागले.

त्यानंतरही लोक माझ्याकडे फोटो आणत. मी आधी बोट बघायचो, मग मागचा शिक्का. आणि उत्तर त्याच दिवशी कधी दिलं नाही.